चेंडूला सदरा बेतणारा गणिती

चेबिशेव हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना परीक्षेच्या आदल्या रात्री भेटतं. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना फिल्टरमध्ये, मेकॅनिकलवाल्यांना स्ट्रेट लाइन मेकॅनिझममध्ये आणि उरलेल्या सगळ्यांना स्टॅटिस्टिक्सच्या एका इनइक्वॅलिटीमध्ये. प्रत्येक पुस्तकात स्पेलिंग वेगळं. त्यामुळे ही तीन वेगवेगळी माणसं असावीत अशी माझी सेकंड इयरपर्यंत प्रामाणिक समजूत होती. माणूस एकच आहे, आणि याच माणसाने १८७८ साली पॅरिसमध्ये कपडे बेतण्यावर एक भाषण दिलं होतं, हे मला कळलं तेव्हा मी आमच्या मिनी प्रोजेक्टमध्ये पार गळ्यापर्यंत अडकले होते.

प्रोजेक्ट असा होता : कॉम्प्युटरवर माणसाच्या शरीराचं थ्री-डी मॉडेल उभं करायचं आणि त्याला कपडे घालून बघायचे. ऐकायला सोपं वाटतं. कापड म्हणजे बिंदूंची एक जाळी, शेजारच्या दोन बिंदूंमध्ये एक स्प्रिंग, आणि वर गुरुत्वाकर्षण. आम्ही चौघांनी कोड लिहिला, रन केला, आणि आमचा झगा खांद्यावरून च्युइंग गमसारखा लांबत लांबत थेट जमिनीला टेकला! स्प्रिंग कडक केल्या तर दुसऱ्याच सेकंदाला सगळे बिंदू स्क्रीनभर उधळले. रिव्ह्यूला चार दिवस उरले होते. कापड ताणलं का जातं आणि का जात नाही, हे शोधता शोधता मी या रशियन गृहस्थांपर्यंत पोहोचले. (सुरुवातीलाच सांगून टाकते, माझी सगळी शाळा कॉन्व्हेंटची. मराठीत इतकं सलग मी पहिल्यांदाच लिहितेय. चुकलं तर सांभाळून घ्या.)

पाफ्नुती ल्वोविच चेबिशेव यांचा जन्म १६ मे १८२१ रोजी रशियातल्या कालुगा प्रांतात, ओकातोवो नावाच्या खेड्यात झाला. वडील जमीनदार, तरुणपणी नेपोलियनच्या विरुद्ध लढलेले लष्करी अधिकारी. घरात नऊ भावंडं. अशा घरातल्या मुलाने मोठेपणी सैन्यात जायचं हे जवळजवळ ठरलेलंच असे. पण पाफ्नुतीचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड होता. तो लंगडत चालायचा. बरोबरीची मुलं धावायची, तेव्हा हा एका जागी बसून लाकडाच्या तुकड्यांतून हलणारी खेळणी बनवायचा. लिहायला-वाचायला आईने शिकवलं. फ्रेंच आणि अंकगणित शिकवलं ते अवदोत्या सुखारेवा या नात्यातल्या बहिणीने. हे फ्रेंच त्यांना आयुष्यभर पुरलं. पुढे त्यांचे कितीतरी पेपर फ्रेंचमध्ये छापले गेले, आणि फ्रेंचमध्ये त्यांच्या नावाची सुरुवात टी या अक्षराने होते. चेबिशेव पॉलिनॉमियलला आपण टी का म्हणतो, याचं उत्तर हे आहे. व्हायव्हात कोणी विचारलं तर सांगून टाका.

१८३२ मध्ये कुटुंब मॉस्कोला आलं. घरी शिकवायला पोगोरेल्स्की नावाचे गाजलेले शिक्षक ठेवले गेले. १८३७ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, पाफ्नुती मॉस्को विद्यापीठात दाखल झाला. तिथे त्याला ब्राशमन हे प्राध्यापक मिळाले. ते गणिताइतकंच यंत्रांवरही प्रेम करणारे होते. समीकरणांची मुळं अंदाजाने कशी काढायची यावर लिहिलेल्या निबंधाला १८४१ मध्ये रौप्यपदक मिळालं. सगळं छान चाललेलं असतानाच त्या सुमारास रशियात दुष्काळ पडला, वडिलांची जमीनदारी डबघाईला आली आणि घरून पैसे येणं बंद झालं. पदक मिळवलेला हा मुलगा मॉस्कोत अगदी हातातोंडाशी गाठ पडेल असा राहायचा. पुढे आयुष्यभर ते काटकसरीने राहिले. लग्न केलं नाही. स्वतःवर खर्च जवळजवळ नाहीच. हात सैल सुटायचा तो फक्त यंत्रांची मॉडेल्स बनवून घेताना.

१८४७ मध्ये ते सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात शिकवायला गेले आणि १८८२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. १८४९ मध्ये संख्या सिद्धांतावर (नंबर थिअरीवर) डॉक्टरेट. लगेच १८५० मध्ये त्यांनी एक जुनं कोडं सोडवलं. एकपेक्षा मोठी कुठलीही संख्या घ्या, ती आणि तिची दुप्पट यांच्यामध्ये किमान एक तरी मूळ संख्या सापडतेच. फ्रान्सच्या बर्ट्राँ यांनी १८४५ मध्ये असं असावं म्हणून नुसतं सांगितलं होतं, चेबिशेव यांनी ते सिद्ध केलं. युरोपात नाव झालं. आता या माणसाने आयुष्यभर शुद्ध गणितात रमावं, अशीच कोणाचीही अपेक्षा असणार. पण लहानपणची लाकडी खेळणी काही डोक्यातून गेली नव्हती.

१८५२ मध्ये ते फ्रान्स, इंग्लंड आणि जर्मनीच्या दौऱ्यावर निघाले. दिवसा कारखाने, पवनचक्क्या, वाफेची इंजिनं बघायची आणि संध्याकाळी तिथल्या गणितज्ञांना भेटायचं. वाफेच्या इंजिनातला एक भाग त्यांच्या मनात घर करून बसला. पिस्टनचा दांडा सरळ रेषेत वर-खाली जातो, पण तो ज्या तुळईला जोडलेला असतो तिचं टोक कमानीत फिरतं. या दोघांचं जमवण्यासाठी जेम्स वॉटने १७८४ मध्ये दांड्यांची एक रचना शोधली होती. तिच्यातून मिळणारी रेषा अगदी सरळ नसते, किंचित वळवळते. त्या वळवळीमुळे भाग घासतात, झिजतात. कारागीर दांड्यांची मापं अनुभवाने ठरवत होते. चेबिशेव यांनी प्रश्न असा मांडला : चूक शून्य करता येत नसेल तर निदान सगळ्यांत मोठी चूक जितकी लहान करता येईल तितकी करायची कशी?

माझ्या मते त्यांचं सगळं आयुष्य या एका प्रश्नात येतं. त्यातूनच १८५४ च्या पेपरमध्ये ते पॉलिनॉमियल आले. त्यांचा गुण असा की उणे एक ते एक या पट्ट्यात त्यांची चूक एका जागी साठत नाही, सगळीकडे सारखी वाटली जाते. फिल्टरच्या ग्राफमध्ये पासबँडवर जे सारख्या उंचीचे तरंग दिसतात, ते हेच. स्वतः चेबिशेव यांनी फिल्टर कधी पाहिलाही नव्हता. इलेक्ट्रॉनिक्सने त्यांचं नाव विसाव्या शतकात उचललं. पण वाफेच्या इंजिनाची झीज कमी करायला शोधलेलं गणित आपल्या डीएसपीच्या पेपरमध्ये येऊन बसलं, हे मला भारी वाटतं.

दांड्यांच्या चाळीसहून अधिक यंत्ररचना त्यांनी शोधल्या. आपण टीओएममध्ये शिकतो ती तर घरीसुद्धा करता येते. दोन खिळ्यांमधलं अंतर ४, एकमेकांना छेदणारे दोन दांडे प्रत्येकी ५ आणि वरची जोडपट्टी २ या प्रमाणात घ्या. जोडपट्टीचा मधला बिंदू जवळपास सरळ रेषेत सरकतो. अशाच एका रचनेवरून त्यांनी चालणारं यंत्र बनवलं. चाकं नाहीत, चार पाय, एका वेळी दोन पाय जमिनीवर आणि दोन हवेत. ते १८७८ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ठेवलं होतं. याशिवाय वल्ह्यांसारखं चालणारं यंत्र, धान्य निवडायचं यंत्र, बसणाऱ्याला स्वतः चालवता येईल अशी चाकांची खुर्ची, आणि एक गणनयंत्र. त्या गणनयंत्राचं एक मॉडेल पॅरिसच्या म्युझियममध्ये आजही आहे. लहानपणी ज्याला पळता आलं नाही त्याने मोठेपणी चालणारं यंत्र आणि चाकांची खुर्ची बनवावी, यावर मी काही वेगळं भाष्य करत नाही. वाचणाऱ्याला कळेलच. गंमत म्हणजे पायामुळे जे सैन्य त्यांना बंद झालं होतं, त्याच सैन्याच्या तोफखाना समितीवर त्यांनी पुढे बरीच वर्षं काम केलं, गोळा किती लांब जाईल याची गणितं करत.

शिक्षक म्हणून ते कडक वेळ पाळणारे. कधी गैरहजर नाहीत, कधी उशीर नाही, आणि घंटा झाली की वाक्य अर्धं असलं तरी थांबणार. (आपल्याकडे असे सर असते तर!) त्यांच्या हाताखालून मार्कोव्ह आणि ल्यापुनोव्ह बाहेर पडले. मार्कोव्ह चेन आणि ल्यापुनोव्ह स्टॅबिलिटी, दोन्ही आपल्या सिलॅबसमध्ये आहेत. म्हणजे गुरूच्या नावाने मार्क जातात ते जातात, शिष्यांच्या नावानेही जातात.

आता कपड्यांकडे येते. १८७६ मध्ये फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँ या गावी विज्ञानाची एक परिषद भरली होती. तिथे एदुआर ल्युका यांनी कापडाच्या विणीच्या भूमितीबद्दल सांगितलं. टॉवर ऑफ हनोईचा प्रोग्रॅम आपण सगळ्यांनी लिहिला आहे, ते कोडं काढणारे हेच ल्युका. त्यावरून चेबिशेव यांना प्रश्न पडला की विणलेल्या सपाट कापडाने एखादी वक्र वस्तू नीट झाकायची तर ते कापड कसं कापायचं? दोन वर्षांनी, २८ ऑगस्ट १८७८ रोजी, त्याच संघटनेच्या पॅरिसच्या परिषदेत त्यांनी कपडे बेतण्यावर आपलं उत्तर मांडलं.

उत्तर समजून घ्यायला एक रुमाल हातात घ्या. कडेला समांतर, म्हणजे धाग्याच्या दिशेने ओढा. तो जवळपास ताणला जात नाही. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरका ओढा. लगेच लांबतो आणि मधून अरुंद होतो. पण धागे लांबलेले नसतात! उभ्या-आडव्या धाग्यांमधला कोन तेवढा बदललेला असतो. विणीतले बारीक चौरस चेपून समभुज चौकोन होतात. चेबिशेव यांनी कापडाचं सगळं वागणं या दोन ओळींत बसवलं : धाग्याची लांबी बदलायची नाही, कोन हवा तसा बदलायचा. आम्ही सगळ्या स्प्रिंग एकसारख्या धरून नेमकी उलटी चूक केली होती.

मग त्यांनी उदाहरण घेतलं चेंडूचं. समजा चेंडूची त्रिज्या १० सेंटिमीटर आहे. वरच्या टोकापासून मध्यरेषेपर्यंत पृष्ठभागावरून अंतर १५.७ सेंटिमीटर. तेवढ्याच त्रिज्येचा गोल कागद कापला तर त्याच्या कडेची लांबी ९८.७ सेंटिमीटर भरते. चेंडूचा घेर मात्र फक्त ६२.८. उरलेल्या ३६ सेंटिमीटर कागदाचं काय करणार? चुण्याच पडणार. कागदाला दुसरा इलाज नाही, हे गाऊस यांनी १८२७ मध्येच दाखवून ठेवलं होतं. कापडाला मात्र इलाज आहे, कारण त्याचे कोन हलतात. चेंडूच्या टोकावर एक उभा आणि एक आडवा धागा काटकोनात ठेवला तर त्या दोन धाग्यांवर कोन काटकोनच राहतो. त्यांच्या मधल्या चार भागांत मात्र चौकोन हळूहळू चेपत जातात आणि तिरक्या दिशेने कापड लांबतं. म्हणून धाग्याच्या दिशेने कापड पूर्ण माप घ्यायचं आणि तिरक्या दिशेने कमी. किती कमी, त्याचं सूत्र चेबिशेव यांनी मांडलं. चौकोन चेपत चेपत शेवटी धाग्याला धागा टेकतो आणि पुढे जागाच उरत नाही. त्यामुळे एका तुकड्यात अख्खा चेंडू नीट झाकता येत नाही. त्यांनी दोन तुकड्यांचा आकार काढला, कापड त्याप्रमाणे कापून रबरी चेंडूवर चढवलं आणि तो चेंडू परिषदेत दाखवला.

या भाषणाबद्दल एक दंतकथा सांगतात. नाव ऐकून पॅरिसचे मोठमोठे शिंपी आणि फॅशनवाले ऐकायला आले होते म्हणे. चेबिशेव यांनी सुरुवातीलाच सांगितलं की सोयीसाठी मानवी शरीर गोल आहे असं धरू, आणि सगळे उठून निघून गेले. गोष्ट खरी असेलच असं नाही, पण आपल्यासारख्यांवर लिहिलेली वाटते खरी. आपणही प्रत्येक प्रॉब्लेमला घर्षण नाही, दोरीला वजन नाही, असं धरूनच सुरुवात करतो ना? खरं एवढंच की भाषणाचा पूर्ण मजकूर त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. तो त्यांच्या कागदपत्रांत पडून राहिला आणि मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी त्यांच्या समग्र लेखनात आला.

८ डिसेंबर १८९४ रोजी सेंट पीटर्सबर्गमध्ये त्यांचं निधन झालं. वय ७३. कपड्यांवरचं काम म्हणजे थोर माणसाची एक हौस, एवढीच त्या वेळी त्याची किंमत असावी.

पण बघा पुढे काय झालं. १९०१ मध्ये हिल्बर्ट यांनी भूमितीतलं एक मोठं प्रमेय सिद्ध करताना हीच धाग्यांची जाळी वापरली. आज तिला चेबिशेव नेट म्हणतात. १९५६ मध्ये मॅक आणि टेलर यांनी विणलेलं कापड वक्र पृष्ठभागावर बसवण्याचं गणित पुन्हा मांडलं, आणि कार्बन फायबरचं कापड साच्यावर कसं बसेल हे सांगणारे कॉम्प्युटर प्रोग्रॅम त्याच वाटेने गेले. १९७५ मध्ये जर्मनीत मानहाइमला फ्राय ओटो यांनी लाकडी पट्ट्यांची सपाट जाळी उचलून तिचं अख्खं सभागृहाचं छप्पर केलं. तिथेही पट्ट्यांची लांबी तीच, फक्त कोन बदललेले. कॉम्प्युटर ग्राफिक्समध्ये १९८६ मध्ये वाइल यांनी लटकतं कापड काढलं, १९९५ मध्ये प्रोव्हो यांनी स्प्रिंगचं कापड रबरासारखं ताणलं जाऊ नये यासाठी धाग्याच्या लांबीवर मर्यादा घातली, आणि १९९८ मध्ये बराफ आणि विटकिन यांनी कडक स्प्रिंग असूनही स्फोट न होऊ देणारी पद्धत दिली. म्हणजे आमच्या झग्याचे दोन्ही रोग दुसऱ्यांना आधीच होऊन गेले होते. हे कळल्यावर केवढं हायसं वाटलं!

मी ही चेंडूची गोष्ट माझ्या मावशीला सांगितली. ती डोंबिवलीला घरी ब्लाउज शिवते. दोन तुकडे आणि तिरकं कापड ऐकून तिला काहीच नवल वाटलं नाही. तिने कटोरी ब्लाउज बेतायला घेतला होता. कटोरीचा तुकडा ती उरेब कापते, कारण उरेब कापड गोलाईवर बसतं, हे तिला तिच्या शिवणक्लासच्या बाईंनी शिकवलं होतं. जिथे गोलाई जास्त तिथे उरेब पुरत नाही, मग टक घालायचे किंवा जोड द्यायचा. चेबिशेव यांनी यापेक्षा वेगळं काय सांगितलं? माप सांगितलं, आणि कापड कुठपर्यंत साथ देईल त्याची हद्द सांगितली. तेवढं मला पुरेसं होतं, कारण मावशीची बोटं मला कोडमध्ये घालता येत नव्हती.

आम्ही कोड बदलला. प्रत्येक स्टेपनंतर उभ्या-आडव्या धाग्यांची लांबी परत मूळ लांबीवर आणायची, आणि तिरक्या स्प्रिंग ढिल्या सोडायच्या. झगा ओघळायचा थांबला. तसंच सबमिट करून टाकू असं सगळ्यांचं मत होतं. पण सॉफ्टवेअरमधली ती बाहुली मला खटकत होती. दोन्ही खांदे एका रेषेत, पाठ ताठ, सगळी मापं अगदी मधली. आमच्या घरात असं कोणीच नाही. माझ्या आजीची पाठ वाकली आहे. रेडिमेड ब्लाउज तिला पाठीमागून वर चढतो आणि पुढे झोल पडतो. लग्नाकार्यात ती सारखी पदर ओढून तेच झाकत बसते. मावशी तिचं माप घेताना तिला ताठ उभं राहायला सांगत नाही. आजी उभी राहते तशीच राहू दे म्हणते, आणि मागचा भाग पुढच्यापेक्षा लांब बेतते.

रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी मी आजीची मापं मॉडेलमध्ये भरली. मावशीने टेप लावला, मी आकडे लिहून घेतले. नेहमीचा ब्लाउज चढवला तर स्क्रीनवरही तो मागून वर चढला, पुढे झोल पडला. मागचा तुकडा लांब केला तेव्हा खाली बसला. आजीला लॅपटॉपवर दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली, मग तिने मला विचारलं की तिची पाठ खरंच एवढी वाकलेली दिसते का. मला काय बोलावं सुचेना. ब्लाउज मात्र बरोबर बसलाय, असं मी म्हटलं. त्यावर ती हसली.

रिव्ह्यूत आम्हाला बरे मार्क मिळाले. सरांनी विचारलं की स्टँडर्ड मॉडेल सोडून हे का घेतलं. मी चेबिशेव यांचं नाव सांगितलं, फिल्टरवाले म्हणून. शरीर गोल धरणं ही सुरुवात होती, शेवट नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत असणार. सगळ्यांत मोठी चूक लहान करायची, हा त्यांचाच नियम आहे. आणि आमच्या प्रोजेक्टमधली सगळ्यांत मोठी चूक आजीच्या पाठीवर होती.